सॅम्युएल सेबॅस्टियन वेस्ली

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडमधील कॅथीड्रलांच्या वास्तू जितक्या भव्य, तितकेच त्यांतील संगीत दीनवाणे झाले होते. वेतन तुटपुंजे, तालीम नाममात्र, आणि प्रौढ गायक मनास येईल तेव्हा गैरहजर. अशा काळात, १८३२ साली, सॅम्युएल सेबॅस्टियन वेस्ली हा जेमतेम बाविशीतला तरुण हेरफर्ड येथे ऑर्गनवादक व गायकवृंदाचा प्रमुख म्हणून रुजू झाला. स्तोत्रकार चार्ल्स वेस्ली याचा तो नातू. पिता बाखचा निस्सीम भक्त. त्यामुळे मुलाच्या नावात ‘सेबॅस्टियन’ आले.

हेरफर्डला एका ईस्टरच्या दिवशी बालगायक तेवढे हजर होते आणि प्रौढांचा एकच खर्जातला आवाज. तो डीनच्या बटलरचा होता, असे परंपरा सांगते. वेस्लीने तेवढ्याच सामग्रीवर ‘ब्लेसेड बी द गॉड अँड फादर’ ही रचना बांधली. ती आजही गायिली जाते. जिच्यामुळे ती जन्मली ती दुरवस्था मात्र त्याला कधीच पचली नाही.

पुढे एक्सेटर, लीड्स, विंचेस्टर, ग्लॉस्टर. जेथे गेला तेथे त्याचे वरिष्ठांशी खटके उडाले. सारा दोष वरिष्ठांचा नव्हता. स्वभाव तापट, आणि गळ टाकून मासे धरण्याचा नाद असा की विंचेस्टरला गैरहजेरीबद्दल त्यालाच कानउघाडणी ऐकावी लागली!

परंतु १८४९ च्या पुस्तिकेत त्याने मांडलेले गणित बिनतोड होते. वृंद समोरासमोर दोन बाजूंस उभा राहतो. प्रत्येक बाजूस प्रौढांचे तीन आवाज, आणि एकट्याने गाणाऱ्यांखेरीज समूहासाठी आणखी तीन. म्हणजे किमान बारा प्रौढ गायक हवेतच. धर्माधिकाऱ्यांनी लक्ष दिले नाही. ऑर्गनचे बारा स्वर समान अंतराने जुळवण्यासही त्याचा विरोध होता. आपल्याकडील हार्मोनियमच्या वादाची येथे आठवण व्हावी. लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमधील ऑर्गन १८५५ साली त्याच्याच आग्रहाने विषम पद्धतीने जुळवला गेला. १८६७ मध्ये तीही जुळणी बदलण्यात आली.

१८७३ साली ग्लॅडस्टनच्या सरकारने ‘सर’ ही पदवी किंवा वार्षिक १०० पौंडांचे निवृत्तिवेतन, यांपैकी एक निवडण्यास सांगितले. वेस्लीने निवृत्तिवेतन घेतले. १९ एप्रिल १८७६ रोजी ग्लॉस्टरला त्याचे निधन झाले. दफन मात्र एक्सेटरला, तान्हेपणीच गेलेल्या कन्येशेजारी झाले.