मायक्रोकंट्रोलरची मेमरी : अंतर्गत आणि बाह्य

मायक्रोकंट्रोलरच्या चिपमध्येच प्रोसेसर, पोर्ट आणि टायमर यांच्या शेजारी बसवलेली ती अंतर्गत मेमरी. वेगळ्या चिपच्या रूपाने बाहेरून जोडलेली ती बाह्य मेमरी. दोन्हींत प्रोग्राम आणि डेटा असा भेद असतो. प्रोग्राम रॉम किंवा फ्लॅशमध्ये असतो आणि वीज गेली तरी टिकतो. चालू आकडेमोड रॅममध्ये होते, ती वीज जाताच पुसली जाते.

नांदेड-लातूरच्या तंत्रनिकेतनांतील पदविका अभ्यासक्रमात हा विषय वर्षानुवर्षे इंटेलच्या ८०५१ वरून शिकवला गेला. १९८० सालची ही चिप जुनी असली तरी शिकण्यासाठी उत्तम आहे, कारण तिच्यात प्रत्येक बाइटचा पत्ता हाताने मोजता येतो. आत ४ किलोबाइट रॉम आणि १२८ बाइट रॅम. रॅमचे पहिले ३२ बाइट चार रजिस्टर बँकांचे, पुढचे १६ बाइट एकेक बिट हाताळता येणारे आणि उरलेले ८० मोकळ्या वापराचे. रीसेटनंतर स्टॅक पॉइंटर ०७ वर असतो, म्हणून स्टॅक थेट दुसऱ्या रजिस्टर बँकेत वाढू लागतो. ती बँक वापरणाऱ्याने पॉइंटर आधी वर हलवला नाही, तर प्रोग्राम बरोबर लिहूनही उत्तरे चुकतात.

बाहेरून ६४ किलोबाइट प्रोग्राम आणि तेवढाच डेटा जोडता येतो. आतला डेटा ‘मूव्ह’ने, बाहेरचा ‘मूव्हएक्स’ने, तर प्रोग्राम मेमरीतील तक्ते ‘मूव्हसी’ने वाचतात. या विस्ताराची किंमत पिनांत मोजावी लागते : पोर्ट ० आणि पोर्ट २ पत्ता व डेटा नेण्यात अडकतात, शिवाय पोर्ट ३ च्या दोन पिना वाचण्या-लिहिण्याच्या इशाऱ्यांना जातात. पोर्टांच्या ३२ पैकी १४ पिना उरतात. त्यामुळे पुढे आयस्क्वेअरसी या दोन तारांच्या जोडणीवर चालणाऱ्या ईईप्रॉम चिपा, म्हणजे चालू कामात लिहिलेला डेटा वीज गेली तरी टिकवणाऱ्या चिपा, सोयीच्या ठरल्या.

मराठवाड्यातल्या सोयाबीनच्या शिवारात मातीचा ओलावा नोंदवणारे यंत्र घेतले तर हिशेब स्पष्ट होतो. दर १५ मिनिटांनी २ बाइटची एक नोंद, म्हणजे दिवसाला १९२ बाइट. ८०५१ च्या रॅममध्ये एक दिवसही मावत नाही. ३२ किलोबाइटच्या बाह्य ईईप्रॉममध्ये १७० दिवस मावतात. पेरणीपासून काढणीपर्यंतचा सोयाबीनचा सगळा हंगाम त्यात येतो आणि मधे लाइट गेली तरी नोंदी शाबूत राहतात.

८०५१ च्या तुलनेत, आर्डुइनो उनो या बोर्डावरच्या एटमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरमध्ये ३२ किलोबाइट फ्लॅश, २ किलोबाइट रॅम आणि १ किलोबाइट ईईप्रॉम आतच असते. या ईईप्रॉमची हमी एका जागी सुमारे १ लाख वेळा लिहिण्याची आहे. मोटार किती वेळ चालली, हा आकडा दर मिनिटाला एकाच जागी लिहिला तर ही मर्यादा सत्तर दिवसांच्या आत गाठली जाते. म्हणून आकडा रॅममध्ये वाढवत नेऊन तासाला एकदा आणि आळीपाळीने वेगवेगळ्या जागी लिहितात.