रोमन सरहद्दीवरील थडगीं

रोमन साम्राज्य म्हटलें म्हणजे सीझर, ऑगस्टस हींच नांवें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु ज्या शिपायांनीं त्या साम्राज्याच्या सरहद्दी राखल्या, त्यांचें वृत्त इतिहासकारांपेक्षां पाथरवटांनींच अधिक लिहून ठेविलें आहे.

वेल्समध्यें अस्क नदीच्या कांठीं कार्लिअन नांवाचें गांव आहे. इ. स. ७५ च्या सुमारास तेथें द्वितीय ऑगस्टा या पलटणीनें कायमचें ठाणें दिलें. सुमारें ५,००० शिपायांची ही पलटण. तेथील थडग्यांवरील लॅटिन लेख बहुधा 'डी' व 'एम' या दोन अक्षरांनीं सुरू होतात. त्यांचा अर्थ 'मृतांच्या आत्म्यांस'. पुढें नांव, पलटण, वय आणि दगड उभारणाराचें नातें. एवढ्यांत सारें आयुष्य आटोपतें!

युलिअस व्हॅलेन्स हा निवृत्त शिपाई १०० वर्षें जगला, असें त्याच्या दगडावर कोरलें आहे. रोमन लेखांतील वयें पुष्कळदां पांचाच्या पटींत येतात. तेव्हां हा हिशेब ठोकळच समजावा. पत्नी युलिआ सेकुंडिना व मुलगा मार्टिनस यांनीं तो दगड उभारला. पुढें आई ७५ व्या वर्षीं वारली, तेव्हां मुलानें तिचाही उभारला.

दुसरा लेख याहून हृदयस्पर्शी आहे. टॅडिआ व्हॅलाउनिअस ही ६५ वर्षांची माता, आणि तिचा ३७ वर्षांचा पुत्र टॅडिअस. पुत्र जर्मन मोहिमेंत निधन पावला. त्याची बहीण टॅडिआ एक्झुपराटा हिनें आई व भाऊ या दोघांसाठीं, वडिलांच्या थडग्याशेजारीं, हा दगड बसविला. मोहीम कोणत्या सम्राटाची, हें सांगण्याची तिला गरज वाटली नाहीं. वडिलांची जागा मात्र तिनें आवर्जून सांगितली.

चेस्टर या दुसऱ्या ठाण्यांतील एका अधिकाऱ्याच्या दगडावर 'जहाज फुटून मृत्यु पावला' असे शब्द आहेत. अशा लेखांच्या शेवटीं 'येथें ठेविला आहे' या अर्थाचीं तीन आद्याक्षरें कोरण्याची रीत होती. येथें 'येथें' या शब्दाचें अक्षर कोरलेलें नाहीं. तेवढी जागा मोकळी सोडली आहे. देह हातीं लागल्यास तें कोरावयाचें होतें, असें पंडित मानतात.

इतिहासाच्या पाठांत सन आणि लढाया मुखोद्गत कराव्या लागतात, व तें योग्यच आहे. पण साम्राज्याची किंमत कोणीं मोजली, हें समजावयाचें असेल, तर त्या एका मोकळ्या जागेकडे पाहावें. ती अद्यापि तशीच आहे.