रस्त्याच्या भरावाला वीज केंद्राची राख

सटाणा : रस्त्याचा भराव म्हटला की डोंगर फोडून आणलेला मुरूम, ही सर्वत्र रुळलेली पद्धत आहे. तथापि औष्णिक वीज केंद्रात कोळसा जळाल्यावर उरणारी राखही या कामी वापरता येते. नाशिकजवळ एकलहरे येथे महानिर्मितीचे असे केंद्र आहे. केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या परिघातील रस्तेकामांत राखेचा वापर बंधनकारक असून, त्यासाठी केंद्राने ती विनामूल्य व स्वखर्चाने कामावर पोहोचविली पाहिजे. सटाणा या परिघात मोडते.

राख मातीपेक्षा हलकी असल्याने मऊ जमिनीवर भरावाचा भार कमी पडतो. ती थराथराने पसरून, पाणी मारून रोलरने दाबली जाते. वाऱ्याने उडू नये व पावसाने वाहून जाऊ नये, यासाठी बाजूंना आणि वर मातीचे आवरण आवश्यक असते. इंडियन रोड्स काँग्रेसने याबाबत २००१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. काँक्रीटच्या रस्त्यातही सिमेंटचा काही भाग राखेने भागविता येतो.

राखेत आर्सेनिक, शिसे यांसारखी घातक द्रव्ये अल्प प्रमाणात असतात. आवरण नीट नसल्यास ती पावसाच्या पाण्याबरोबर भूजलात झिरपू शकतात. डाळिंब, द्राक्षे व कांदा पिकविणाऱ्या बागलाण तालुक्यात विहिरींच्या पाण्याला मोठे मोल आहे. त्यामुळे मुरुमाची बचत करताना राखेची तपासणी व मातीचे आवरण यांत हयगय होता कामा नये.