औटकी येणारे आणि अंगठा देणारे

‘आमचे आजोबा चौथी शिकलेले, पण आजच्या बी.कॉम.वाल्याला तोंडी हिशेबात पाणी पाजतील!’ हे वाक्य आमच्या देपालपुरात मंडीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठंही ऐकायला मिळतं. कुणी ते हिंदीत म्हणतं, कुणी माळवीत. माझं माहेर सोलापूरकडचं. तिकडे हेच वाक्य ‘जुनी मॅट्रिक’ या दोन शब्दांत म्हणत. ‘अहो, ते जुनी मॅट्रिक आहेत’ म्हटलं की समोरचा आपोआप आवाज खाली आणायचा. म्हणजे शिक्षणाचा दर्जा घसरला, यावर माळवा आणि महाराष्ट्र दोघांचंही एकमत आहे. इतकं एकमत झालं की मला जरा शंका येते. म्हणून या वाक्याचा हिशेब एकदा नीट मांडून बघावा असं वाटलं.

आधी आजोबांची बाजू, कारण ती खोटी नाही. माझ्या सासरी धान्याचा व्यापार होता. जुन्या लाल कापडी बांधणीच्या वह्या अजून माळ्यावर आहेत. त्यात खाडाखोड जवळजवळ नाही. समजा सव्वातीन मण धान्य, भाव मणाला साडेतीन रुपये. आज आपण मोबाईल काढू. त्या काळचा मुनीम मनात म्हणे : औटके तीन साडेदहा, म्हणजे दहा रुपये आठ आणे, राहिला पाव मण, त्याचे चौदा आणे, एकूण अकरा रुपये सहा आणे. गाडीवान पोतं खाली ठेवेपर्यंत उत्तर तयार. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. त्याच्या आधी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. माळव्यात यांनाच पव्वा, अद्धा, पौना, सवैया, ढैया म्हणतात. नावं वेगळी, घोकंपट्टी एकच.

पण हे अपूर्णांकांचे पाढे कुणी हौसेनं रचलेले नव्हते. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, सोळा छटाकांचा शेर, चाळीस शेरांचा मण. सगळा बाजार पाव, अर्धा, पाऊण यांवर चालायचा, म्हणून शाळाही त्यांवर चालायची. १ एप्रिल १९५७ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला, पाठोपाठ किलो आणि ग्रॅम आले, आणि औटकीचं बाजारातलं काम संपलं. ती शाळेतून गेली ती मास्तर आळशी झाले म्हणून नव्हे. जातं गेलं तेव्हा जात्यावर बसायची सवय जशी गेली, तशी ती गेली. आजच्या मुलाला औटकी येत नाही म्हणून हसायचं, तर मग मुनीमजींना टक्केवारीचा आलेख वाचायला सांगितला असता तर काय झालं असतं, हेही विचारावं लागेल.

ती जुनी शाळा होती तरी कशी? पंतोजींच्या शाळेला इमारत नसे. देवळाची ओसरी किंवा एखाद्या सावकाराची पडवी. पाटीवर धूळ पसरून काडीनं अक्षरं गिरवायची, म्हणून ‘धुळाक्षरे’ हा शब्द. छापील पुस्तक नाही, इयत्ता नाही, वार्षिक परीक्षा नाही. मोठा मुलगा लहानांकडून उजळणी म्हणवून घेई. ही रीत मद्रासेत पाहून अँड्र्यू बेल या पाद्र्यानं ती इंग्लंडात नेली आणि तिथल्या गरिबांच्या शाळांत ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून चालली. तेव्हा आपल्या पंतोजींना अगदीच अडाणी ठरवण्याचं कारण नाही. छडी मात्र होती, अंगठे धरून उभं करणं होतं, आणि पंतोजींचं पोट बऱ्याचदा पालकांनी दिलेल्या शेर-दोन शेर धान्यावर भरत होतं.

अशा शाळा पुष्कळ होत्या. मुंबई सरकारच्या कौन्सिलातले प्रेंडरगास्ट यांनी १८२१ साली लिहून ठेवलं आहे की, आपल्या मुलखात निदान एक शाळा नाही असं गाव क्वचितच सापडेल. पुढे ऑक्टोबर १९३१मध्ये लंडनला गांधीजी म्हणाले की पन्नास-शंभर वर्षांपूर्वी हिंदुस्थान आजच्यापेक्षा जास्त साक्षर होता. त्यावर फिलिप हार्टोग यांनी त्यांच्याकडे पुरावा मागितला आणि तो वाद पुष्कळ चालला. आपल्या रा. वि. परुळेकरांनी १८२० ते १८३० या काळातल्या मुंबई इलाख्याच्या शाळांचे सरकारी कागद शोधून १९४५ साली प्रसिद्ध केले. १९८३मध्ये धरमपालांनी मद्रास वगैरे इलाख्यांचे तसेच कागद पुढे आणले. शाळा होत्या, हे या कागदांवरून पक्कं होतं. आपल्याला अभिमान वाटावा असंच ते आहे.

पण त्याच कागदांतून दुसरीही गोष्ट दिसते. मुंबई इलाख्यातल्या त्या शाळांत मुली जवळजवळ नाहीत. अस्पृश्य मानलेल्यांच्या मुलांना तर देवळाची ओसरीच बंद, मग ओसरीवरची शाळा कशी उघडी असेल? शाळा गावाची होती, पण सगळ्या गावाची नव्हती.

इथं मी आमच्याच समाजाचा आकडा देते, म्हणजे कुणाला राग यायला नको. १९११च्या जनगणनेत देशातले शंभरातले दहाच पुरुष साक्षर होते, आणि बाई शंभरात एक. जैनांचं मात्र नाव होतं. व्यापारी समाज, पुरुषांपैकी जवळजवळ निम्मे साक्षर. पारशांच्या खालोखाल आपणच, असं आजही सभांमधून अभिमानानं सांगतात. पण त्याच जनगणनेत साक्षर जैन स्त्रिया किती? शंभरात चार. एकाच घरात, एकाच दिव्याखाली, नवऱ्याला औटकी तोंडपाठ आणि बायको कागदावर अंगठा उठवते.

माझ्या आजेसासूबाई अशाच होत्या. त्यांना भक्तामरस्तोत्राचे अठ्ठेचाळीस श्लोक तोंडपाठ होते, तेही संस्कृतात, नुसते कानानं ऐकून. एक शब्द इकडचा तिकडे होत नसे. ज्या डोक्यात अठ्ठेचाळीस संस्कृत श्लोक मावतात, त्या डोक्यात पावकी-निमकी मावली नसती? पण ओसरीवर त्यांना कुणी बसवलंच नाही. माळ्यावरच्या त्या सुबक वह्यांमध्ये त्यांचं अक्षर कुठंही नाही. जुन्या काळच्या दर्जाचं कौतुक ऐकलं की मला त्या वह्यांपेक्षा त्यांचा अंगठा आधी आठवतो.

आता ‘जुन्या मॅट्रिक’कडे वळू. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८६२ला त्याची पहिली बी.ए.ची परीक्षा झाली. उत्तीर्ण किती? चार. त्यात रानडे आणि भांडारकर. आमच्या इंदूरला शिवाजीराव होळकरांनी होळकर कॉलेज काढलं ते १८९१ साली. तिथवर पोहोचणारा मुलगा किती चाळण्यांमधून गळून आलेला असायचा! जो पहिल्या इयत्तेत अडला तो दुसऱ्या दिवसापासून गुरं राखायला जाई. जो चौथीत अडला तो दुकानात बसे. मुलगी तर चाळणीत पडतच नसे. शेवटी जे चार दाणे वर राहतात ते टपोरेच असणार. त्यावरून सगळं पीक टपोरं होतं असं कुठला शेतकरी म्हणेल?

ही चाळणी मोडायला काढली तेव्हा विरोध काही कमी झाला नाही. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हाचे शेण-दगड आपण सगळे पाठात वाचतो. १८८२ला जोतीरावांनी हंटर आयोगापुढे सांगितलं, की पैसा येतो शेतकऱ्याच्या साऱ्यातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी १८९३मध्ये अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६मध्ये ते सगळ्या राज्याला लावलं. ते पाहून गोखल्यांनी १९११ साली कायदे कौन्सिलात असंच विधेयक आणलं. पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ला सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं. सगळ्यांनाच शिकवलं तर शेतावर कोण राबेल, हा प्रश्न तेव्हा भलीभली माणसं विचारत होती.

आणि आमच्या समाजातले कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था, १९२४ला साताऱ्याचं वसतिगृह. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत. भाऊरावांचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा विकलं, हे सांगताना लोक घाईत पुढे जातात. मी घर चालवणारी बाई. महिनाअखेरीला रिकामे डबे आणि तोंडं मात्र तेवढीच, हे काय असतं ते मला कळतं. त्या पंगतीत किती मुलं हिशेबात हुशार निघाली हे कुणी मोजलं नसेल. ती पंगतीला बसली हाच तेव्हाचा निकाल होता.

तरीही १९५१च्या जनगणनेत शंभरातल्या नऊच भारतीय स्त्रिया साक्षर निघाल्या. २०११ला जवळजवळ पासष्ट. मध्य प्रदेशात १ जानेवारी १९९७पासून शिक्षण गॅरंटी योजना आली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल, आणि चाळीस मुलं असतील, आदिवासी भागात पंचवीस, तर गावानं मागणी करायची आणि सरकारनं नव्वद दिवसांत शाळा द्यायची. गावातलाच कुणी ‘गुरुजी’ तुटपुंज्या मानधनावर शिकवायचा. २००९मध्ये शिक्षण हक्काचा कायदा झाला, पुढच्या वर्षी एप्रिलपासून लागू. दारं उघडली ती अशी एकेक करून, दीडशे वर्षं.

पण इथं थांबून टाळ्या वाजवायची माझी तयारी नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची नात सहावीत आहे. आजीबरोबर येते, ओट्याजवळ बसून गृहपाठ करते. अक्षर मोत्यासारखं. धडाच्या धडा वहीत उतरवते. एकदा म्हटलं, ‘बेटा, जरा पढ़कर सुना.’ तिनं खाली बघितलं. जे स्वतः लिहिलं होतं ते तिला वाचता येत नव्हतं. सहा वर्षं ती वर्गात हजर आहे, तिला पुस्तकं मिळाली, गणवेश मिळाला, दुपारचं जेवण मिळालं. आणि अक्षर हे तिच्यासाठी अजून रांगोळीच आहे.

ती एकटी नाही. ‘असर’ नावाची पाहणी २००५पासून खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन मुलांना वाचायला लावते. २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. साधा भागाकार जमला तो तिसऱ्या हिश्श्यालाही नाही. १९११चा आकडा आणि हा आकडा एका तराजूत टाकता येत नाहीत. तेव्हा मित्राला पत्र लिहिता आणि त्याचं उत्तर वाचता येतं का, ही साक्षरतेची व्याख्या होती, आता उतारा पुढे ठेवतात. तरी एक फरक डोळ्यांत भरतो. शंभर वर्षांपूर्वी ही मुलगी नापास झालीच नसती, कारण ती शाळेच्या कुठल्याच वहीत नसती. आज ती वर्गात आहे म्हणून तिचं न येणं दिसतं. ज्याला आपण दर्जा घसरला म्हणतो, त्यातला मोठा भाग आधी न दिसणारी मुलं आता दिसायला लागण्याचा आहे.

मग तक्रार करायची नाही का? करायची, पण ती नेमकी करायची. ‘पूर्वी बरं होतं’ म्हटलं की पुढचं वाक्य फार लवकर येतं : ‘सगळ्यांनाच कशाला शिकवायचं, यांच्या डोक्यात काही शिरत नाही.’ हे वाक्य मी सुशिक्षित घरांत ऐकलं आहे, आणि ते १९११ सालचंच वाक्य आहे. तक्रार अशी हवी की, दार उघडलंत, आत बसवलंत, आता शिकवा. पहिली-दुसरीत मुलाला वाचता येतं की नाही हे मास्तरांनी दर महिन्याला बघावं, आणि येत नसेल तर तिथंच थांबून शिकवावं. पुस्तक संपवायची घाई मग करावी. पंतोजी एवढं नक्की करत. उजळणी आल्याशिवाय ते पोराला पुढे सरकवत नसत. जुन्या शाळेकडून घ्यायचंच असेल तर हे घ्यावं, आणि तिची छडी व तिचं बंद दार तिथंच ठेवावं.

सध्या दुपारी भांडी होईपर्यंत मी त्या मुलीला वाचायला बसवते. बाराखडीपासून नाही, तिला किराण्याची यादी तोंडपाठ असते, तिथून सुरुवात केली. गेल्या आठवड्यात तिनं ‘शक्कर’ आणि ‘शहद’ यांतला फरक स्वतः वाचून सांगितला. औटकी तिला शिकवणार नाही. वाचायला आलं की बाकीचं तिचं ती बघेल.