नकळत दारू सोडवण्याचा मागोवा

'पेशंटच्या नकळत दारू सोडवा' ही जाहिरात एसटी स्टँडाच्या भिंतीवर किंवा रेल्वेरुळांलगतच्या कुंपणावर आपण सगळ्यांनीच वाचलेली असते. खाली एक मोबाइल नंबर असतो. नवरा डॉक्टरकडे यायला तयार नसतो, म्हणून घरातली बाई तो नंबर उतरवून घेते. पुडी येते आणि भाजीत कालवली जाते. या पुडीमागची कल्पना जवळजवळ दोन हजार वर्षांची आहे.

पहिल्या शतकात रोमच्या प्लिनीने लिहून ठेवलं की घुबडाची अंडी वाइनमधून तीन दिवस दिली, की दारुड्याला वाइनची शिसारी येते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे फिलाडेल्फियाचे डॉ. बेंजामिन रश यांनीही हाच मार्ग वापरून पाहिला. दारूची सवय असलेल्या एका कृष्णवर्णीय माणसाला त्यांनी रम पाजली. रममध्ये टार्टर एमेटिक हे ओकारी आणणारं औषध घातलेलं होतं. ओकून ओकून तो इतका बेजार झाला, की आपल्याला कुणी विष घातलं असंच त्याला वाटलं. पुढची दोन वर्षं त्याला दारूचा वासही सहन झाला नाही, असं रश सांगतात. मद्यपानाचं व्यसन हा आजार आहे, असं मांडणाऱ्या सुरुवातीच्या डॉक्टरांपैकी ते एक होते. तरी या आजाऱ्याला विचारावं, असं त्यांना वाटलं नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सिनसिनाटीहून 'गोल्डन स्पेसिफिक' नावाची पूड टपालाने विकली जाई. चहा-कॉफीतून गुपचूप द्या, त्याला कळणारही नाही, अशी तिची जाहिरात होती. पुढे तपासणीत त्या पुडीत मुख्यतः दुधाची साखर आणि स्टार्च निघाला.

खरोखर परिणाम करणारं औषध आलं ते रबराच्या कारखान्यातून. रबर पक्कं करताना थायुरम जातीची रसायनं वापरतात. ती हाताळणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही, असं अमेरिकेतल्या एका रासायनिक कारखान्याचे डॉक्टर ई. ई. विल्यम्स यांनी 1937 मध्ये नोंदवलं. पण त्या नोंदीचा पाठपुरावा झाला नाही. 1940च्या दशकात कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे संशोधक त्याच थायुरम जातीच्या डायसल्फिरामची जंतांवरचं औषध म्हणून चाचणी घेत होते. गोळ्या त्यांनी स्वतःही घेतल्या, आणि नंतर थोडी दारू घेताच दोघांची प्रकृती बिघडली. एकमेकांशी बोलल्यावर कारण लक्षात आलं. मानसोपचारतज्ज्ञ ओलुफ मार्टेन्सेन-लार्सेन यांनी ती गोळी रुग्णांना दिली आणि 1948 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

शरीरात दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं. हे विषारी रसायन यकृतातलं एक एन्झाइम लगेच निकामी करतं. डायसल्फिराम नेमकं तेच एन्झाइम अडवतं. मग काही मिनिटांत चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, डोकं ठणकतं, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. सुरुवातीला डॉक्टर मोठे डोस देत आणि समोर बसवून घोटभर दारू पाजत, म्हणजे धडा मिळेल. त्यात काही रुग्ण दगावले. पुढे डोस कमी झाले आणि दारू पाजण्याची पद्धतही मागे पडली.

गोळी प्रत्यक्षात किती काम करते, याचा मोठा पडताळा 1986 मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या 605 माजी सैनिकांवर तो घेतला होता. पूर्ण मात्रा, नाममात्र मात्रा आणि गोळीच नाही, अशा तिन्ही गटांत पूर्ण दारूमुक्त राहणाऱ्यांच्या प्रमाणात खास फरक पडला नाही. पण जे उपचार नेमाने पाळत होते, तेच अधिक टिकले. म्हणून आज ही गोळी रुग्णाच्या संमतीने, यकृत आणि हृदय तपासून आणि घरच्या कुणाच्या तरी देखत द्यायची असते. रोज सकाळी स्वतः गोळी उचलून तोंडात टाकणं हा आज न पिण्याचा निर्णयच असतो. भाजीत कालवलेल्या गोळीत तो निर्णय नसतो. उरतो फक्त धोका, कारण गोळीचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो आणि बेसावध माणूस त्या काळात कधीही ग्लास उचलतो.

आता तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकाम्प्रोसेटसारखी औषधंही आहेत. पण उपचार म्हणजे फक्त औषध नव्हे. त्याच 1986 मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे रुग्णाशी बोलणं आणि त्याच्या घरच्यांना सोबत घेणं हा उपचाराचाच भाग ठरला.

घरात पिणारा माणूस असेल, तर पुडी मागवू नका. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. म्हणून तीही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवा. तो यायला तयार नसेल, तर आधी तुम्ही एकट्या जा. व्यसनमुक्ती केंद्रातले समुपदेशक घरच्यांशीही बोलतात, आणि उपचाराची सुरुवात तिथूनही होऊ शकते.