नव्या यंत्राचें मौन

घरीं नवा संगणक जुळविण्याचा प्रसंग अलीकडे पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांच्या परिचयाचा झाला आहे. मदरबोर्ड एका दुकानांतून आणलेला असतो, प्रोसेसर दुसऱ्या दुकानांतून आणि रॅमच्या पट्ट्या तिसऱ्याच ठिकाणाहून. घरांतल्या मुलानें दोन वर्षांची शिल्लक त्यांत घातलेली असते. सर्व भाग जागच्या जागीं बसतात, कळ दाबली जाते, पंखे फिरूं लागतात, दिवेहि लागतात. पडदा मात्र काळा तो काळाच राहतो. अशा वेळीं पहिला प्रश्न उभा राहतो तो हा कीं, दोष कोणाचा? मुलाला वाटतें आपलाच हात चुकला, वडिलांना वाटतें दुकानदारानें फसविलें, आणि दुकानदार शपथेवर सांगतो कीं माल चोख आहे. पुष्कळदां खरें कारण निराळेंच असतें. प्रत्येक भाग स्वतंत्रपणें निर्दोष असतो, परंतु स्मृति आणि उरलेलें यंत्र यांचें एकमेकांशीं जमत नाहीं.

हें न जमणें आजकालचें नव्हे. संगणकाच्या जन्मापासूनच तें त्याच्या पाठीस लागलेलें आहे, आणि त्याचा इतिहास पाहिला म्हणजे त्या काळ्या पडद्यापुढें बसलेल्या मुलाला थोडा धीर येण्यासारखा आहे.

दुसरें महायुद्ध संपलें तेव्हां गणित करणारीं विद्युत् यंत्रें अस्तित्वांत आलेलीं होतीं. परंतु काम काय करावयाचें याच्या सूचना आणि त्यासाठीं लागणारे आंकडे, हीं दोन्हीं आपल्या पोटांत सांठवून ठेवणारें यंत्र अद्याप व्हावयाचें होतें. अडचण होती ती सांठवणुकीची. इंग्लंडांतील मँचेस्टर विद्यापीठांत फ्रेडरिक विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनीं तिच्यावर एक युक्ति काढली. रडारमध्यें वापरली जाई तसल्या कॅथोड-किरण नळीच्या पडद्यावर विद्युत्‌भाराचे ठिपके उमटवावयाचे आणि पडद्यासमोर बसविलेल्या धातूच्या पत्र्यावरून ते वाचावयाचे. हे ठिपके क्षणांत विरून जात. म्हणून ते पुनःपुन्हां वाचून पुनःपुन्हां उमटवावे लागत. अशी स्मृति खरोखरीच्या कामांत टिकेल कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं त्यांनीं जेफ्री टूटिल यांच्या साहाय्यानें एक लहानसें यंत्र उभें केलें. तें पुढें ‘बेबी’ या लाडक्या नांवानें प्रसिद्ध झालें. त्याची स्मृति ३२ शब्दांची होती आणि प्रत्येक शब्द ३२ बिटांचा. म्हणजे सूचना आपल्या पोटांत सांठवून चालणारा जगांतील हा पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक मुळांत स्मृतीची परीक्षा घेण्यासाठींच बांधलेला होता.

हें यंत्रहि पहिल्याच प्रयत्नाला चाललें नाहीं. विल्यम्स यांनीं पुढें त्या दिवसांची आठवण सांगितली आहे. कळ दाबतांच पडद्यावरचे ठिपके वेड्यासारखे नाचूं लागत. त्या नृत्यांतून उत्तर तर निघत नसेच, परंतु चूक कोठें आहे याचा मागमूसहि लागत नसे. अखेर २१ जून १९४८ या दिवशीं तें नृत्य थांबलें आणि अपेक्षित जागीं अपेक्षित उत्तर उजळून दिसूं लागलें. २ चा १८ वा घात, म्हणजे २,६२,१४४, या संख्येचा स्वतःहून लहान असा सर्वांत मोठा विभाजक शोधण्याचें तें काम होतें, आणि त्याला ५२ मिनिटें लागलीं. ज्यांनीं यंत्राचा प्रत्येक सांधा आपल्या हातांनीं जोडला होता, त्यांनासुद्धां त्याचें मौन फोडण्यास इतके सायास पडले, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

केंब्रिजमध्यें मॉरिस विल्क्स यांनीं निराळा मार्ग धरला. त्यांच्या एडसॅक यंत्रांत स्मृतीचें काम पाऱ्याकडे होतें. सुमारें पांच फूट लांबीच्या, पाऱ्यानें भरलेल्या नळ्या घ्यावयाच्या, एका टोकाला स्फटिकाच्या योगानें विद्युत्‌स्पंदाचा नाद करावयाचा, तो नाद पाऱ्यांतून दुसऱ्या टोकाला पोंचला कीं पुन्हां त्याचा स्पंद करून पहिल्या टोकाकडे परत धाडावयाचा. एखादा निरोप कोणी विसरूं नये म्हणून तो सतत पुटपुटत राहावा, तसाच हा प्रकार. परंतु पाऱ्यांतील नादाचा वेग तपमानाप्रमाणें बदलतो. वेग बदलला कीं स्पंद ठरल्या क्षणीं पोंचत नाहीं, आणि क्षण चुकला कीं अर्थाचा अनर्थ होतो. ६ मे १९४९ रोजीं एडसॅकनें वर्गसंख्यांचें कोष्टक छापून दाखविलें, त्याच्या मागें क्षणांची ही कडक शिस्त होती. स्मृतीच्या ठिकाणीं निरोप असणें एवढ्यानें भागत नाहीं, तो वेळेवर मिळाला पाहिजे, हा धडा तेव्हांपासून आजवर बदललेला नाहीं.

अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांत जे फॉरेस्टर यांचें ‘व्हर्लविंड’ यंत्र उभें राहत होतें. त्याच्याहि पहिल्या स्मृतीला नळ्याच होत्या, आणि त्यांनीं बांधणाऱ्यांना अगदीं जेरीस आणलें. शेवटीं फॉरेस्टर यांनीं फेराइटच्या चिमुकल्या कड्या तारांच्या जाळ्यांत ओवून चुंबकीय स्मृति तयार केली. ती एकदम मोठ्या यंत्राला न जोडतां तिच्या परीक्षेसाठीं एक स्वतंत्र संगणक बांधण्यांत आला, आणि तींत उतरल्यावरच १९५३ च्या ऑगस्टांत ती व्हर्लविंडमध्यें बसविली. पूर्वीं रोज चार तास दुरुस्तींत जात, ते आतां आठवड्याला दोन तासांवर आले. शंका असलेला भाग प्रथम वेगळा काढून एकटा तपासावा, या रीतीचें याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण.

याच सुमारास मुंबईंतहि हा उद्योग सुरू झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रंगस्वामी नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं एका लहान गटानें १९५६ मध्यें एक प्रायोगिक यंत्र चालविलें आणि १९६० मध्यें पूर्ण यंत्र कामाला लावलें. त्या गटांतील बहुतेकांनीं त्यापूर्वीं संगणक वापरलेलाहि नव्हता. सुमारें २,७०० निर्वात नळ्या आणि फेराइट कड्यांची स्मृति असलेल्या या यंत्राला जानेवारी १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं ‘टिफ्रॅक’ हें नांव दिलें. मँचेस्टरप्रमाणेंच येथेंहि बांधणारे, चालविणारे आणि दुरुस्त करणारे एकाच छपराखालीं होते. यंत्र रुसलें तर दोष कोणाचा, हा प्रश्न तेथें नव्हताच. प्रश्न एवढाच होता कीं, दोष कोठें आहे.

हें चित्र पालटलें तें सिलिकॉनच्या चिप आल्यावर. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्यें एका ट्रान्झिस्टरावर आणि एका सूक्ष्म धारित्रावर चालणाऱ्या स्मृतीचें पेटंट मिळालें. १९७० मध्यें इंटेल कंपनीनें ‘११०३’ ही १,०२४ बिटांची चिप बाजारांत आणली. हिच्यांतला विद्युत्‌भारहि गळून जाई, म्हणून दर दोन सहस्रांश सेकंदांच्या आंत तो नव्यानें भरावा लागे. मँचेस्टरच्या ठिपक्यांचाच हा नवा अवतार म्हणावयाचा. ही चिप वापरणाऱ्यांना बरीच कुरकुरी वाटली. परंतु ती स्वस्त होती, आणि कांहीं वर्षांत तिनें व तिच्या भावंडांनीं फेराइट कड्यांना निवृत्त केलें. स्मृति आतां एक कारखाना करूं लागला आणि यंत्र दुसरा.

१९८१ च्या ऑगस्टांत आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला. सुरू होतांच तो आपली तपासणी आपणच करी. सर्व ठीक असेल तर एकदां लहानसा बीप वाजवी, आणि स्मृतींत दोष आढळला तर पडद्यावर २०१ ही संख्या दाखवी. मुक्या यंत्राला फुटलेले हे पहिले बोबडे बोल होत. यंत्रांत स्मृति किती बसविली आहे, हें मात्र मदरबोर्डावरच्या बारीक खटक्यांनीं माणसालाच त्याला सांगावें लागे. शिवाय यंत्र तापे व निवे, त्या आकुंचन-प्रसरणानें चिप आपल्या खोबणींतून हळूहळू वर सरकत. मग झांकण उघडून त्या एकेक करून अंगठ्यानें दाबावयाच्या, हा उपाय जाणत्यांच्या हातचा झाला. रॅम काढून पुन्हां घट्ट बसवून पाहण्याची आजची सवय तेथूनच चालत आलेली आहे.

पुढें चिप पट्ट्यांवर बसूं लागल्या आणि पट्ट्यांचे प्रकार वाढले. यंत्राचा आणि पट्टीचा परिचय व्हावा कसा? १९९८ च्या सुमारास १०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्या रूढ झाल्या, तेव्हां त्यावर एक तोडगा सर्वमान्य ठरला. प्रत्येक पट्टीवर एक चिमुकली चिप ठेवावयाची. तींत त्या पट्टीचा आकार, वेग आणि वेळांचीं मानें लिहिलेलीं असावयाचीं. यंत्रानें जागें होतांच प्रथम हें ओळखपत्र वाचावयाचें. असले करार ठरविण्याचें काम १९५८ पासून चालत आलेली जेडेक ही संस्था करते. तिनेंच डीडीआर स्मृतीच्या एकामागून एक पिढ्यांचे नियम आखले. पहिल्या पिढीला २.५ व्होल्ट लागत, दुसरीला १.८, तिसरीला १.५, चौथीला १.२ आणि २०२० मध्यें नियमबद्ध झालेल्या पांचवीला १.१. एका पिढीची पट्टी दुसरीच्या स्लॉटांत जाऊं नये म्हणून तिची खांच दर वेळीं थोडी सरकविलेली असते.

तथापि करार लेखी असला म्हणून तंटे मिटतात असें नाहीं. १९९९ मध्यें इंटेलनें रॅमबस या नव्या जातीच्या स्मृतीसाठीं ८२० नांवाचा चिपसंच तयार केला. परंतु तिसरा स्लॉट वापरल्यास चुका होतात असें ऐन वेळीं आढळलें, आणि त्याचें आगमन लांबणीवर पडलें. या स्मृतीचा स्वभावहि चमत्कारिक होता. रिकामा स्लॉट तिला खपत नसे. त्यांत स्मृति नसलेली नुसती जोडपट्टी तरी बसवावी लागे, एरवीं यंत्र सुरूच होत नसे. जुनी, स्वस्त स्मृति त्याच संचाला जोडतां यावी म्हणून मध्यें एक दुभाषी चिप घातली. परंतु तीहि दगा देऊं लागल्यानें २००० च्या मे महिन्यांत ती असलेले मदरबोर्ड कंपनीला परत घ्यावे लागले. २०१७ च्या मार्चांत एएमडीचे रायझन प्रोसेसर आले, तेव्हांहि पुष्कळ चांगल्या पट्ट्या त्यांच्याशीं आपल्या पूर्ण वेगानें चालेनात. मे महिन्यांत कंपनीनें स्मृतीसंबंधीं २६ नवीं मानें बदलण्याची सोय देणारें मूळ सॉफ्टवेअर तयार केलें, आणि त्याच पट्ट्या पुष्कळ ठिकाणीं नीट चालूं लागल्या. त्यांपैकीं किती तरी पट्ट्या ग्राहकांनीं दोषी समजून दुकानांत परत केल्या असतील!

या इतिहासांतूनच आजच्या काळ्या पडद्यावरचा उपायहि निघतो. प्रथम धीर धरावा. पांचव्या पिढीची स्मृति पहिल्या वेळीं यंत्राशीं आपल्या वेळा जुळवून घेते; या तालमीला कित्येक मिनिटें लागतात आणि तोंवर पडद्यावर कांहींच दिसत नाहीं. घाबरून मध्येंच वीज तोडली तर तालीम पुन्हां पहिल्यापासून. बऱ्याच मदरबोर्डांवर स्मृतीच्या नांवाचा एक बारीक दिवा असतो. तो लागून राहिला तर संशयाची दिशा कळते. मग वीज बंद करून सर्व पट्ट्या काढाव्या आणि एकच पट्टी पुस्तिकेंत सांगितलेल्या स्लॉटांत, चाप बसल्याचा आवाज होईपर्यंत दाबून बसवावी. चार स्लॉट असतील तर ही जागा बहुधा प्रोसेसरपासून दुसरी असते. एकीनें न भागल्यास दुसरी पट्टी पाहावी. त्यानंतर मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी कांहीं मिनिटें काढून जुन्या नोंदी पुसाव्या. तेवढ्यानेंहि न झाल्यास बायोस नवें करावें. कित्येक मदरबोर्डांवर तें पेनड्राइव्ह आणि एका बटनाच्या साहाय्यानें, यंत्र सुरू न होतांहि करतां येतें. मदरबोर्डाचे कारखानदार पारखलेल्या पट्ट्यांची यादी प्रसिद्ध करतात. ती खरेदीच्या आधीं पाहणें हें नंतर पाहण्यापेक्षां केव्हांहि श्रेयस्कर.

आणखी दोन गोष्टी ध्यानांत असाव्या. खोक्यावर छापलेला वेग हा पुष्कळदां करारांतला वेग नसतो. तो खास नोंद चालू केल्यावर मिळणारा, करारापलीकडचा वेग असतो, आणि तो प्रत्येक प्रोसेसराला झेपेलच असें नाहीं. म्हणून यंत्र आधीं साध्या वेगानें चालवावें, रात्रभर स्मृतीची परीक्षा घ्यावी, आणि मगच वेग वाढवावा. दुसरें असें कीं, एकाच नांवाच्या परंतु निरनिराळ्या वेळीं घेतलेल्या दोन खोक्यांतल्या पट्ट्यांवर चिप निराळ्या असूं शकतात. सख्ख्या बहिणी समजून आणलेल्या त्या दोघी एकत्र नांदतीलच असा भरंवसा नाहीं.

मँचेस्टरच्या त्या तिघांना आपल्या यंत्रांतील प्रत्येक तार ठाऊक होती. आजच्या मुलाच्या मेजावरचे भाग बनविणारे एकमेकांना पाहिलेलेहि नसतात. त्यांच्यामध्यें असतो तो केवळ एक करार, आणि तो पाळला जातो कीं नाहीं याची पहिली परीक्षा त्या मुलाच्या घरीं, त्या कळीवर होते. म्हणून पडदा उजळला नाहीं तर मुलाला रागें भरण्यापूर्वीं आणि दुकानदाराशीं भांडण्यापूर्वीं एक पट्टी काढून पाहावी. एका रात्रीच्या चिकाटीनें दोन वर्षांची शिल्लक वाचते, आणि मुलाचा स्वतःच्या हातांवरचा विश्वासहि वाचतो.