वणीहून पाहिलेली मुंबई

१९५५ साली राज कपूरचा 'श्री ४२०' आला, तेव्हा आपली वणी महाराष्ट्रात नव्हती. महाराष्ट्रच नव्हता. वऱ्हाडासकट सगळा विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो. म्हणजे मुंबई आपली राजधानी व्हायच्या आधीच ती आपल्या लोकांना पडद्यावर दिसली होती.

सिनेमाच्या धंद्यात आपल्या भागाला आजही 'सी.पी. बेरार' म्हणतात. सरकारने ते नाव कधीच पुसलं, वितरकांनी मात्र जपून ठेवलं. अमरावती-भुसावळच्या वितरकांकडून रिळांच्या पेट्या यायच्या, त्याही मोठ्या शहरांत घासून झालेल्या. जत्रा मैदानावरच्या तंबूत आम्ही पोट्टे खाली बसून पाहायचो. प्रिंटवर एवढ्या उभ्या रेघा असायच्या, की मुंबईत बाराही महिने पाऊस पडतो असं मला कित्येक दिवस वाटे.

स्मरणिका समितीने 'आवडत्या चित्रपटांवर काहीतरी हलकंफुलकं द्या' म्हणून सांगितलं. मी मुंबईचे सिनेमे घ्यायचं ठरवलं, कारण आमच्या पिढीला एकदा तरी पाहावं असं वाटणारं शहर तेच. लंडन-न्यूयॉर्क आमच्या हिशेबात नव्हतं. नागपूर ते मुंबई रेल्वेने ८३७ किलोमीटर, त्याआधी वणीहून एसटीने वर्धा किंवा नागपूर गाठायचं, एवढंच अंतर आम्हाला पुष्कळ होतं. वहीत नावं लिहू लागलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. मला समुद्र, ट्राम आणि देव आनंदची टॅक्सी आवडत होती हे खरं, पण मनात राहिलेले सिनेमे बहुतेक सगळे घराचे निघाले. गृहनिर्माण संस्थेच्या स्मरणिकेला म्हणूनच हा विषय शोभेल असं वाटतं.

'श्री ४२०' च आधी घ्या. अलाहाबादचा बी.ए. झालेला राज, प्रामाणिकपणाचं पदक घेऊन मुंबईला येतो आणि फुटपाथवर झोपतो. पुढे शेठ सोनाचंद धर्मानंद त्याला हाताशी धरून योजना काढतो, शंभर रुपयांत गरिबाला घर. लोक रांगा लावून पैसे भरतात. जुगार, नाच, दिवाळी हे सगळं आपल्याला आठवतं, पण सिनेमाचा कणा म्हणजे ही बोगस घरांची स्कीम आहे. कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची आणि पटकथेत त्यांच्या जोडीला व्ही. पी. साठे. हेच अब्बास पुढे 'शहर और सपना' घेऊन आले. त्यात नवरा-बायको सिमेंटच्या मोठ्या पाइपात संसार मांडतात. त्याला १९६३ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपल्याकडे तो आला की नाही, आला तर किती दिवस चालला, देव जाणे. मी तो फार उशिरा, दूरदर्शनवर पाहिला.

मुंबईत घर का मिळेना, याला कायद्याचा इतिहास आहे. थोडा रुक्ष आहे, पण बँकवाल्याला क्षमा करा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने घरभाडी साधारण १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरू वाचले, हे चांगलंच झालं. पण भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधणं मालकाला परवडेना. जुन्या खोल्यांना पागडी आली आणि नवं बांधकाम मालकी हक्काच्या फ्लॅटकडे वळलं. सहकाराचा रस्ता आधीपासून होताच. गावदेवीची सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी १९१५ ची, श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने झालेली. पण सगळ्यांनाच असा पुढारी मिळत नाही.

तर ज्यांना नवा फ्लॅट परवडत नव्हता ते चाळीतच राहिले, एका खोलीत आठ-आठ माणसं. त्यांचा सिनेमा म्हणजे १९७० चा 'मुंबईचा जावई'. राजा ठाकूर दिग्दर्शक, अरुण सरनाईक नायक, गदिमांची गाणी, बाबूजींचं संगीत. मूळ कथा व. पु. काळ्यांची. वपु पेशाने वास्तुविशारद, मुंबई महापालिकेत नोकरीला. दिवसा घरांचे नकाशे पाहणाऱ्या माणसाने नव्या जोडप्याला मिनिटभर एकांत न मिळण्याची गोष्ट लिहावी, यात मला काही नवल वाटत नाही. बासू चटर्जींनी १९७२ मध्ये त्यावरच हिंदीत 'पिया का घर' केला, जया भादुरीला घेऊन. आमची सौ. हा सिनेमा पाहून आल्यावर म्हणाली होती, "बाप्पा, आपल्या घरचा ओसराच यांच्या घराएवढा हाय!" ज्या मुंबईला जायची स्वप्नं पडत होती, तिथली माणसं आपल्या ओसरीला तरसत असतील हे तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. दोन्ही सिनेमे हसत-खेळत जातात. मला मूळ मराठी जास्त आवडतो. हिंदीत गोडवा जरा जास्त घातलाय.

'दीवार' १९७५ चा. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, मी एकच सांगतो. आईने मजुरी करून जिथे विटा वाहिल्या, ती इमारत विजय वाटेल ती किंमत मोजून विकत घेतो. आणि आई राहायला जाते ती धाकट्या, पोलिसातल्या मुलाच्या साध्या घरात.

आता 'घरौंदा'. माझ्या मते मुंबईवरचा सगळ्यात खरा सिनेमा हा. १९७७ साल. दिग्दर्शक भीमसेन, ज्यांनी 'एक अनेक और एकता' या मुलांच्या कार्टूनचं ॲनिमेशन केलं तेच. म्हणजे एकीचं बळ मुलांना शिकवणाऱ्या माणसाने मोठ्यांना एकटं पडल्यावर काय होतं ते दाखवलं. कथा डॉ. शंकर शेष यांची. ते नागपुरात शिकलेले आणि मुंबईत स्टेट बँकेत राजभाषा विभागाचे अधिकारी. आपल्या बँकवाल्यांपैकी एक, हे मी मुद्दाम सांगतो.

सुदीप आणि छाया एकाच ऑफिसात कामाला. अमोल पालेकर आणि झरीना वहाब. लग्न करायचंय, पण राहायचं कुठं? पगारातून पै-पै साठवून ते फ्लॅटसाठी पैसे भरतात. अर्धवट इमारतींमधून स्वप्नं बघत फिरतात. त्यांच्या त्या गाण्यासाठी गुलजारांना फिल्मफेअर मिळालं. मग बिल्डरवाला पैसे घेऊन पसार. त्यानंतर सुदीप जे सुचवतो ते ऐकून थिएटरात माणसं गप्प झाली होती. ऑफिसचा मालक मोदी छायाशी लग्न करायला तयार आहे, त्याला हृदयविकार आहे, फार दिवस जगायचा नाही, तू लग्न कर, मग सगळं आपलंच. डॉ. श्रीराम लागूंनी तो मोदी असा केलाय की राग येत नाही. त्यांनाही सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. मोदी बरा होत जातो आणि छायाचा जीव त्याच्यावर जडत जातो. सुदीप वाईट मुलगा नाही हो. दोन खोल्यांसाठी त्याचा हिशेब चुकला.

बँकेच्या खुर्चीतून पाहिलं तर आणखी एक दिसतं. १९६३ चा फ्लॅट मालकीचा कायदा, ज्याला मोफा म्हणतात, तेव्हा चौदा वर्षांचा झाला होता. किमतीच्या वीस टक्क्यांवर पैसे घेण्याआधी बिल्डरने करार करून तो नोंदवायचा, असं त्यात होतं. पण सुदीप-छायासारखे किती जण कागद मागत? आणि सुदीप कर्ज का काढत नाही, असं आजची मुलं विचारतात. कुठून काढणार? पगारदार माणसाला घरासाठी कर्ज देणं हे आम्हा बँकांचं कामच समजलं जात नव्हतं. एच. टी. पारेख यांनी एच.डी.एफ.सी. काढली तीसुद्धा नेमकी १९७७ मध्येच. सिनेमा आणि त्याचं औषध एकाच वर्षी आलं. मात्र औषध वणीपर्यंत पोहोचायला पुष्कळ वर्षं लागली.

मी मुंबई पाहिली ती १९७९ मध्ये, बँकेच्या ट्रेनिंगला. मरीन ड्राइव्हवर गेलो, राणीचा हार पाहिला. रविवारी आमच्याच बॅचचा एक सहकारी मला लोकलने लांबच्या एका उपनगरात घेऊन गेला. "माझा फ्लॅट दाखवतो" म्हणाला. जोत्यापर्यंत काम आलेलं, सळया गंजलेल्या, आत गवत. वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे त्यात गेले होते. "तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेकडची खिडकी," असं त्याने वर आकाशात बोट करून दाखवलं. ती इमारत पुढे झाली नाही. रिटायर झाल्यावर तो आपल्या गावी परतला. आता तो नाही. 'घरौंदा' त्याने पाहिला होता की नाही, हे विचारायचं मला त्या दिवशी धाडस झालं नाही.

नंतरच्या सिनेमांत मन तेवढं रमलं नाही. 'डोंबिवली फास्ट' (२००५) तेवढा सांगतो. निशिकांत कामतचा सिनेमा, संदीप कुलकर्णीचा माधव आपटे. तोही बँकेतलाच, रोज डोंबिवली लोकलने जाणारा. घर मिळालं, पण ते इतकं लांब की आयुष्य गाडीतच गेलं.

आपल्या सोसायटीत आज जे बंद दरवाजे दिसतात, त्या घरांतली मुलं अशाच गाड्यांतून जाताहेत, कुणी मुंबईला, कुणी पुण्याला. आपली संस्था झाली तेव्हा इथे शेत होतं. सातबारावर संस्थेचं नाव चढवणं, एन.ए., ले-आउटची मंजुरी यात आपल्या जुन्या मंडळींच्या चपला झिजल्या. शिक्षक, कोळसा खाणीतले कामगार, एसटीचे लोक, आम्ही बँकवाले, सगळ्यांनी महिन्याच्या हप्त्याने पैसे भरले आणि प्रत्येक हप्त्याची पावती मिळाली. माझ्याकडे त्या सगळ्या पावत्या फाइलला लावलेल्या आहेत.

आता बंद पडलेले चार प्लॉट एकत्र करून तिथे फ्लॅटची स्कीम करण्याचा प्रस्ताव आला आहे. काहींना पसंत आहे, काहींना नाही. माझा आंधळा विरोध नाही. म्हातारपणी मोठं घर झाडणं होत नाही, हे मलाही कळतं. पण सभेत मी विचारणार आहे. प्रकल्पाची महारेरात नोंदणी कुठे आहे? करार नोंदवण्याआधी आता वीस नव्हे, दहा टक्क्यांवर पैसे घेता येत नाहीत, हे त्या गृहस्थांना मान्य आहे का? ग्राहकांकडून येणाऱ्या पैशांपैकी सत्तर टक्के ज्या वेगळ्या खात्यात ठेवायचे, ते खातं कोणत्या बँकेत? आणि मुलांनी तिकडून कुरिअरने पाठवलेलं मुखत्यारपत्र वाचल्याशिवाय कुणी सही करू नये, आई-बापांनीही नाही. शेजारचा एक मुलगा मला म्हणाला, "काका, सिनेमा पाहून तुम्ही काऊन एवढं भेता?" भीत नाही रे. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे कागद तपासले, आता आपले तपासतोय.

रौप्यमहोत्सवाच्या आठवड्यात सोसायटीच्या हॉलमध्ये तीन रात्री सिनेमे दाखवायचे ठरले आहे. पहिल्या रात्री 'मुंबईचा जावई', दुसऱ्या रात्री 'घरौंदा', तिसऱ्या रात्रीचा सिनेमा मुलांनी निवडावा. वार्षिक सर्वसाधारण सभा त्यानंतरच्या रविवारी आहे. हा क्रम बदलू नये अशी विनंती मी अध्यक्षांना केली आणि त्यांनी ती मान्य केली आहे. हॉलमधल्या खुर्च्या पुरणार नाहीत, तेव्हा ज्यांना खाली बसवत नाही त्यांनी घरून खुर्ची आणावी.